ब्लॉक गुण्यात कधी आणायचा: तुकड्यागणिक, शेवटी, की आणायचाच नाही?

मॅटवर शिवून झालेला क्विल्टचा ब्लॉक आहे (असे तुकडे जोडून केलेले चौकोन एकत्र शिवले की क्विल्ट, म्हणजे गोधडी, होते). साडेनऊ इंच भरायला हवा होता. एका बाजूने सव्वानऊ भरतोय, दुसऱ्या बाजूने सूतभर जास्त, आणि एक कोपरा तोंड फिरवून बसलाय. हातात रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याची सुरी, आहे. कापून सरळ करू का?

माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं. छाटायला माझी हरकत नाही, पण छाटायची वेळ आधीच येऊन गेलेली असते. सुतार दाराची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे खिळे ठोकण्याआधी बघतो. क्विल्टमध्ये मात्र आपण सगळं जोडून मग गुण्या लावतो आणि जो भाग बाहेर आलाय तो उडवतो.

तुलना नुसती हवेत होऊ नये म्हणून एकच ब्लॉक धरू: फ्रेंडशिप स्टार, तयार माप नऊ इंच, चारही बाजूंची पाव-पाव इंच माया (शिवणीत जाणारं कडेचं कापड) धरून साडेनऊ. तीन ओळी, दर ओळीत तीन चौकोन. मधला एक आणि कोपऱ्यांतले चार हे साधे चौकोन, साडेतीन इंचांचे. उरलेले चार म्हणजे दोन रंगांचे त्रिकोण कर्णावर जोडून केलेले चौकोन, क्विल्टवाल्यांच्या भाषेत एचएसटी. ताऱ्याची चारही टोकं ब्लॉकच्या बाहेरच्या कडेपर्यंत जातात आणि त्यांच्यापलीकडे फक्त पाव इंच माया उरते. पुढचा सगळा वाद या पाव इंचावर आहे. (मापं मी सुतातच सांगणार आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. अपूर्णांकांपेक्षा हे जिभेला सोपं जातं.)

पहिला रस्ता: छाटायचंच नाही

कापताना माप अचूक, शिवताना माया अचूक, मग छाटायला उरेल काय? एचएसटीसाठी ३ ७/८ इंचांचा चौकोन घ्यायचा, कर्णावर कापायचा, दोन रंगांचे त्रिकोण जोडायचे, की साडेतीनचा चौकोन तयार. कापड वाया जात नाही आणि वेळही वाचतो.

पूर्वी काम असंच चालायचं. ओल्फाने १९७९ मध्ये रोटरी कटर बाजारात आणला, तोवर पुठ्ठ्याच्या साच्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि कात्रीने कापायचं अशी रीत होती. हाताने जोडणारे आजही शिवणीची रेघ आखून घेतात आणि तिच्यावरून टाके घालतात. त्यांच्या लेखी कापलेल्या कडेला काही किंमत नसते, ती वाकडी असली तरी चालते. म्हणून हाताने शिवत असाल तर हा प्रश्न तुमचा नाहीच. तो मशीनवाल्यांचा आहे, कारण आपण रेघेऐवजी कडेवर भरवसा ठेवून शिवतो.

या रस्त्याला जायचं तर आधी स्वतःची माया तपासा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा आणि इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली आणि एकूण रुंदी साडेतीन भरली, तर तुमची माया बरोबर. बऱ्याच जणांची मधली पट्टी पहिल्या खेपेला इंचाच्या आत भरते, कारण शिवण उलटवताना घडीत धागा-दोन धागे जातात. त्यासाठी सुई पाव इंचाच्या किंचित आत ठेवावी लागते.

साध्या चौकोनांना आणि पट्ट्यांना हा रस्ता पुरेसा आहे. नऊ चौकोनांचे ब्लॉक, नुसत्या पट्ट्यांचे ब्लॉक, यांच्या मागे कटर घेऊन लागण्यात मला अर्थ वाटत नाही. त्रिकोण आले की गोष्ट बदलते. त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, असते. ती शिवताना ताणते, इस्त्रीखाली ताणते, नुसती उचलली तरी ताणते. कितीही अचूक कापा, शिवल्यावर ती थोडी बदललेलीच मिळते.

दुसरा रस्ता: प्रत्येक तुकडा जोडण्याआधी छाटायचा

यात एचएसटी मुद्दाम मोठा शिवतात. ३ ७/८ ऐवजी पूर्ण चार इंचांचे दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, कर्ण आखा, त्याच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर शिवा आणि कर्णावर कापा. दोन एचएसटी मिळतात. दोन्ही साडेतीनपेक्षा जरा मोठे.

छाटणी अशी होते. तुकडा इस्त्री करून थंड होऊ द्या. गरम कापड पट्टीखाली सरकतं आणि निवल्यावर माप बदलतं. पारदर्शक पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर बरोबर बसवा, कापडाच्या कडेला समांतर नव्हे. कड खोटं बोलेल, पण चौकोनाचा खरा कर्ण ही शिवण आहे. आता पट्टी त्याच रेघेवर मागेपुढे सरकवा, साडेतीनच्या खुणांपलीकडे चारही बाजूंना थोडं थोडं कापड दिसेपर्यंत. उजवीकडची आणि वरची कड कापा. तुकडा अर्धा फिरवा, कापलेल्या कडा साडेतीनच्या रेघांवर ठेवा, शिवण पुन्हा ४५ च्या रेघेखाली आहे ना बघा, उरलेल्या दोन कडा कापा. मॅटवर दोऱ्यासारख्या चार चिंध्या पडतात. कधी एका बाजूला सूतभर रुंद आणि समोरच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. ती सूतभर चिंधी म्हणजे तुमच्या ब्लॉकमध्ये शिरू पाहणारी चूक होती.

शिवाय छाटल्यावर चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यात येतात आणि उरेब बाजू शिवणीत बंद होऊन जाते. पुढची जोडणी त्यामुळे ताणत नाही.

किंमत काय? कापड नगण्य, चौकोनामागे एक सूत. खरी किंमत वेळेची. वीस ब्लॉकच्या क्विल्टला ८० एचएसटी, म्हणजे ३२० कडा. खोटं कशाला सांगू, कंटाळा येतो. एक आडवाट आहे: तुकडा उघडण्याआधी, त्रिकोणाच्या अवस्थेतच पट्टीची कर्णरेघ शिवणीवर ठेवून छाटायचा. चार कडांचं काम दोन कापांत होतं. पण नंतर इस्त्रीत ओढाताण झाली तर ती दुरुस्त करायला कापड उरत नाही. इस्त्री घासण्याऐवजी दाबून उचलायची सवय असेल तरच ही वाट धरा.

फ्लाइंग गीज, म्हणजे मोठ्या त्रिकोणाच्या दोन बाजूंना दोन लहान त्रिकोण जोडलेला आयत, त्याचंही असंच. फक्त तिथे वरच्या टोकापलीकडे दोन सूत राखायला विसरू नका.

एक गैरसमज मात्र आहे. तुकडे छाटले की माया कशीही चालते, असं काही जणांना वाटतं. छाटणी त्या तुकड्यापर्यंतची चूक धुते. त्यानंतर तीन चौकोनांची ओळ जोडताना दोन शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सूत जास्त गेला, तर शिवणीमागे एक सूत आणि ओळीमागे दोन सूत कमी. साडेनऊचा ब्लॉक सव्वानऊ झाला. असे पाच ब्लॉक शेजारी लावले की सव्वा इंचाचा घोळ.

तिसरा रस्ता: ब्लॉक पूर्ण झाल्यावर एकदाच छाटायचा

सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत महागात पडणारा. मी स्वतः यात पोळले आहे. वीस तारे शिवले, मापं सव्वानऊपासून साडेनऊच्या वर एक सूत इथपर्यंत. ‘सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाला बाकीचे आणा’ हा सल्ला ऐकलेला होता, म्हणून सगळे सव्वानऊ केले. ढीग इतका सुरेख दिसला की मी त्याचा फोटो काढला. मग ब्लॉक एकमेकांना जोडले आणि ताऱ्यांची टोकं शिवणीत गेली. मोठ्या ब्लॉकच्या टोकांपलीकडे दोन सूत माया होती, त्यातली मी कुठे एक सूत, कुठे दीड सूत उडवली होती. एवढं करून मूळ दोष तसाच राहिला. आतला तारा तिरका होता, कापली मी बाहेरची चौकट. वाकडं चित्र सरळ फ्रेममध्ये बसवल्यासारखं.

तरीही हा रस्ता काही ठिकाणी एकमेव योग्य रस्ता आहे. कडेला टोक किंवा जुळवायची शिवण नसेल, तर शेवटी छाटा, खुशाल. अप्लिकमध्ये (कापडावर कापडाचे आकार शिवतात त्यात) आणि भरतकामात पार्श्वभूमीचं कापड काम करता करता आकसतं. म्हणून ते इंचभर मोठं घेऊन शेवटीच छाटायचं, तेही पट्टीचा मध्य नक्षीच्या मध्यावर ठेवून. साडेनऊच्या ब्लॉकला पट्टीवरची पावणेपाचची खूण मध्यावर यायला हवी. अंदाजाने, मापाशिवाय जोडलेले तुकडे शेवटीच छाटायचे. कागदावर शिवलेल्या ब्लॉकलाही शेवटी छाटतात, पण तिथे छापील रेघ असते, ती तुमच्या वतीने माया मोजून बसलेली असते.

लॉग केबिन, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांच्या फेऱ्या जोडत वाढवलेला ब्लॉक, मधेच लटकतो. शेवटी छाटला तर टोकं जात नाहीत, पण बाहेरची पट्टी एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला बारीक दिसते. तिथे दर फेरीनंतर मोजपट्टी लावलेली बरी. पहिल्या फेरीतला तिरकेपणा पुढच्या फेऱ्यांत कमी होत नाही, वाढतो.

मग तो वाकडा ब्लॉक? त्याचं काय करायचं?

आधी मोजा. चार कडा आणि दोन कर्ण. साडेनऊच्या चौकोनाचा कर्ण १३ ७/१६ इंचांच्या आसपास येतो, पण आकड्याहून दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. कडा बरोबर आणि कर्ण वेगळे, म्हणजे ब्लॉक फक्त कलंडलाय, कापायचं काही नाही. इस्त्रीच्या फळीवरच्या कापडावर धुऊन जाणाऱ्या खुणेने साडेनऊचा चौकोन आखा, ब्लॉक त्याच्यावर टाचण्यांनी ताणून बसवा, वाफ द्या, थंड होईपर्यंत हलवू नका. बराचसा सरळ होतो.

एखाद-दुसरा ब्लॉक सूतभर मोठा असेल तर जोडताना तो खाली, मशीनच्या दात्यांच्या बाजूला ठेवा. दाते खालचं कापड थोडं जास्त ओढतात आणि तेवढा फरक गिळतात. त्याहून मोठा फरक असेल तर उसवा. आधी शिवणी मोजा, दोषी बहुधा एकच निघते.

आणि सगळेच ब्लॉक साडेनऊऐवजी ९ ३/८ भरत असतील तर? काहीच करू नका. सारखेपणा हवा, आकडा नव्हे. दोन ब्लॉकमधल्या पट्ट्या त्या मापाने कापा, क्विल्ट थोडा लहान होईल इतकंच. मापं खरंच विखुरलेली असतील तर प्रत्येक ब्लॉकभोवती रुंद पट्टी जोडा आणि मग सगळ्यांना एका मापाला छाटा. आता कटर पट्टीवर चालतो, ताऱ्यावर नाही. माझ्या त्या वीस ताऱ्यांना हे करता आलं असतं, छाटण्याआधी सुचलं असतं तर.

तुम्हाला निवड करायची असेल तर माझा कल उघड आहे. ब्लॉकमध्ये त्रिकोण असतील तर दुसरा रस्ता, आणि पूर्ण ब्लॉकला फक्त मोजपट्टी लावायची, कटर नाही. सगळे सरळ चौकोन असतील आणि तीन पट्ट्यांची परीक्षा पास झालात, तर पहिला. कडा मोकळ्या असतील तर तिसरा. हात नवा असेल आणि ठरत नसेल, तर एकच तारा घ्या: दोन एचएसटी ३ ७/८ च्या मापाने न छाटता करा, दोन चार इंचांचे करून छाटा, आणि चारही त्याच ब्लॉकमध्ये लावा. कुठली टोकं नीट बसली ते उलट्या बाजूने शिवणी बघून कळेल. बाकीचं कापड तोवर घडी घालून ठेवा.