इन्व्हेस्ट: पाणथळ जागांचे मोल मांडणारे सॉफ्टवेअर

बुजवलेली पाणथळ जागा पुन्हा जिवंत केल्यास किती फायदा होईल, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत हवे असणाऱ्यांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टने तयार केलेले 'इन्व्हेस्ट' हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. पूर्वी त्यासाठी आर्कजीआयएस हे नकाशांचे सशुल्क सॉफ्टवेअर लागत असे. आता ते स्वतंत्रपणे चालते, आणि नकाशे व तक्ते नीट तयार असतील तर वापरायला अवघड नाही. मात्र ते तयार करण्यातच बहुतेक वेळ जातो.

नत्र आणि स्फुरद किती प्रमाणात ओढ्यापर्यंत पोहोचतात हे दाखवणारे त्यातील मॉडेल मला सर्वांत उपयुक्त वाटले, कारण काठावरची कोणती पट्टी पाणथळ केल्यास प्रवाहात जाणारी खते अधिक अडतील, याचा तुलनात्मक अंदाज त्यातून बऱ्यापैकी येतो. किनारी खारफुटीतील कार्बनसाठ्याचे मॉडेल तर कार्बनची किंमत आणि वटावाचा दर (भविष्यातील रक्कम आजच्या मूल्यात आणण्याचा दर) दिल्यावर थेट पैशांतले आजचे मूल्य काढून देते.

पुराच्या बाबतीत मात्र सावध राहावे. इन्व्हेस्टमधील पुराचे मॉडेल एका पावसाचे पाणी जमिनीत किती थोपवले जाते हे 'कर्व्ह नंबर' पद्धतीने मोजते; हा नंबर जितका मोठा, तितके जास्त पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते. नदी पात्राबाहेर येऊन पूरमैदानात पसरते, ती प्रक्रिया त्यात नाहीच. शिवाय खुल्या पाण्याला हा नंबर प्रथेप्रमाणे शंभराच्या जवळचा दिला जात असल्याने, तक्ता डोळे झाकून भरल्यास पुनरुज्जीवित दलदल जवळजवळ काहीच पाणी अडवत नाही, असा उलटा निष्कर्ष निघू शकतो. इमारतींच्या संरक्षणाचा जो आकडा मिळतो, त्याचे एकक चलन गुणिले घनमीटर असे आहे. म्हणजे तो वाचलेला पैसा नव्हे, केवळ निर्देशांक आहे. अहवालात तो बचत म्हणून छापणे ही शुद्ध दिशाभूल ठरेल.

पूरमैदानाचे आर्थिक मोल काढायचे असल्यास हेक-राससारख्या जलगतिकी (नदीतील पाण्याची हालचाल मोजणाऱ्या) मॉडेलने पुराची पातळी काढावी, किंवा तेच काम करणाऱ्या बांधकामाचा खर्च तुलनेला घ्यावा. अमेरिकेत 1974 साली मंजूर झालेल्या योजनेत चार्ल्स नदीकाठच्या सुमारे 8,100 एकर पाणथळ जागा पूरनियंत्रणासाठी राखण्यात आल्या, तेव्हा धरणाच्या खर्चाशी केलेली तुलनाच निर्णायक ठरली होती. जागांची निवड करण्यासाठी इन्व्हेस्ट अवश्य वापरावे. निधी मागताना पुराचा आकडा दुसरीकडून आणावा.