बीपी मशीन घेताना आधी दंड मोजा

गरोदरपणाचा सातवा महिना लागला तेव्हा तपासणीत बीपी १३८/८८ आलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लगेच गोळी नको, पण पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, मधले दिवस घरी मोजून वहीत लिहा. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दंडावर बांधायचं डिजिटल मशीन आणलं, सव्वादोन हजारांना. मनगटावरचं स्वस्तात मिळत होतं, पण मॅडमनी ते नकोच म्हणून बजावलं होतं. गेले पाच महिने हे मशीन रोज वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला आठवडा फार वाईट गेला. घरी मोजलं की १५६, १५८, आणि दवाखान्यात १३६. रात्र रात्र झोप नाही. पट्टा फुगायला लागला की चिकटपट्टी चर्रकन सुटायची, मी पुन्हा ओढून बांधायची. शेवटी मशीन पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. सिस्टरनी पट्टा हातात घेतला आणि त्यावरचा आकडा दाखवला: २२ ते ३२ सेंटिमीटर. मग शिवणाची टेप घेऊन खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये माझा दंड मोजला. ३५ भरला. पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दिसतं. विकताना दुकानदाराने दंडाचं माप विचारलं नाही, आणि मोठा पट्टा मागितल्यावर मशीन परतही घेतलं नाही. २२ ते ४२ चा पट्टा वेगळे सातशे रुपये देऊन मागवावा लागला. राग याचाच येतो, की ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि विकणारा ती सांगत नाही.

मोठा पट्टा आल्यावर पुन्हा दवाखान्यात जाऊन त्याच हातावर, पाच मिनिटांच्या अंतराने दोन्ही मशीनवर मोजलं. फरक फक्त चारचा आला. हे प्रत्येकीने करावंच. गरोदरपणातल्या बीपीच्या त्रासात काही डिजिटल मशीन खरं बीपी असतं त्याहून कमी दाखवतात, आणि कमी दाखवणं जास्त धोक्याचं, कारण आपण निर्धास्त राहतो.

मशीनच्या कडेला हिरवी-पिवळी-लाल पट्टी आहे. तिच्याकडे मी बघणं सोडलं. मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: वरचा १४० किंवा खालचा ९० झाला तर फोन, १६० किंवा ११० झाला तर फोनही नको, सरळ या. पडद्याला उजेड नाही, पहाटे दिवा लावावा लागतो. मशीनच्या मेमरीत साठलेले आकडे सगळ्यांचे एकत्र होतात. सासऱ्यांनी दोनदा मोजलं आणि माझा हिशोब बिघडला, म्हणून वहीच खरी.

मोजायची पद्धत मात्र काटेकोर. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी सातला. लघवीला जाऊन यायचं, पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात टेबलावर उशी ठेवून छातीच्या उंचीला. बोलायचं नाही. सासूबाई काळजीने मध्येच विचारायच्या, "किती आलं गं?" आणि मी उत्तर दिलं की आकडा चढलेला दिसायचा. मग त्याही पाच मिनिटं माझ्याशेजारी गप्प बसायला लागल्या.

पस्तिसाव्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी १४८/९६ आलं. पाच मिनिटांनी पुन्हा, १५०/९८. सहा दिवसांपूर्वी दवाखान्यात १३४/८४ होतं, आणि पुढची तारीख अजून चार दिवसांवर. कपाळ आदल्या रात्रीपासून ठणकत होतं, अंगठी बोटातून निघत नव्हती. पायावरची सूज सगळ्यांनाच येते म्हणून मी सोडून दिली होती. पण सकाळी आरशात तोंडही सुजलेलं दिसलं. फोन केला, तासाभरात दवाखान्यात होते. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, टू प्लस. प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होणारा आजार. रक्तातल्या प्लेटलेट आणि लिव्हरच्या तपासण्या झाल्या, बीपीचं औषध लॅबेटालॉल सुरू झालं. गुरुवारी बीपी १६४/११२ वर गेलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली आणि सिझेरियन केलं. मुलगी झाली, १ किलो ९५० ग्रॅम. सहा दिवस काचेच्या पेटीत होती. आता दूध पिताना माझी ओढणी मुठीत घट्ट धरून ठेवते.

मला कोणी आधी सांगितलं नव्हतं ते इथे लिहिते: बाळ झालं म्हणजे बीपी संपलं असं नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते पुन्हा चढू शकतं. मला पाचव्या दिवशी घरी सोडलं. सहाव्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, आणि मशीनवर १५२/१००. फोनवर मॅडमनी गोळीचा डोस वाढवला. गोळ्या सातव्या आठवड्यात थांबल्या, तोवर दोन्ही वेळा मोजत होते.

एक मात्र सांगते, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, डोकं थांबत नसेल, तर आकडा १३० असला तरी दवाखाना गाठा. मशीनला लघवीतलं अल्ब्युमिन कळत नाही. आणि खर्च परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. बीपी, लघवी, रक्त तिथे बघतात. आशाताईंना विचारा.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार, दुकानाला एक. आता ते नणंदेकडे चाललंय, तिला सहावा महिना आहे. काल तिचा दंड मोजला, २७ भरला. म्हणून कपाटात पडलेला पहिला पट्टा धुळीतून काढून पुसून ठेवलाय, सोबत चार नवे सेल आणि एक कोरी वही.