वाशीतली दोन दिवसांची इन्स्ट्रक्शनल डिझाइन कार्यशाळा: शनिवार चोख, रविवार घाईचा

महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत ट्रेनिंगचं काम करणाऱ्यांसाठी इन्स्ट्रक्शनल डिझाइनची, म्हणजे प्रशिक्षणाची आखणी कशी करावी याची, ही शनिवार-रविवारची कार्यशाळा आहे. स्टोरीबोर्ड (कोणत्या स्लाइडवर काय दिसेल, काय ऐकू येईल याचा आराखडा) लिहिता येतो, पण मॉड्यूल (कॉम्प्युटरवरचा धडा) करूनही कामात फरक पडत नाही, ही अडचण असेल तर जरूर जावं. नुसतं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर जाऊ नये.

शनिवार सगळा इतिहासाचा, आणि तोच सर्वांत उपयोगी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला थोड्या वेळात प्रचंड माणसं तयार करायची होती, तिथून सुरुवात. मग 1954 चा मानसशास्त्रज्ञ स्किनर: लहान टप्पे, उत्तर बरोबर की चूक ते लगेच. 1956 ची ब्लूमची वर्गवारी (शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पायऱ्या) भरभर उरकतात. खरा मुक्काम 1962 मध्ये उद्दिष्टं कशी लिहावीत हे सांगणाऱ्या रॉबर्ट मेगरपाशी. माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती नेमकं, हे तिन्ही उद्दिष्टात हवं. 'अग्निशामकाची माहिती होईल' हे वाक्य फळ्यावर खोडलं जातं. त्याजागी येतं: 'ट्रेमध्ये डिझेल पेटलेलं असताना, कुणाला न विचारता पिन काढेल, नोझल ज्वाळांच्या बुडाशी धरेल आणि डावी-उजवीकडे फिरवत आग पूर्ण विझवेल.' एवढं लिहिलं की चार पर्यायांची क्विझ इथे कुचकामी आहे, प्रात्यक्षिकच घ्यावं लागणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

गाडी अडते ती 'ॲडी'पाशी (ADDIE, पाच टप्प्यांची इंग्रजी आद्याक्षरं). विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन ही मांडणी 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामातून आली. इथे ती जिन्यासारखी शिकवतात, मूल्यमापन शेवटच्या पायरीवर. काम चालू असतानाचं मूल्यमापन वेगळं, हे मूल्यमापनाचा अभ्यासक स्क्रिव्हनने 1967 मध्येच मांडलं होतं. त्यावर एक स्लाइड आहे, सराव नाही. कच्चा स्टोरीबोर्ड दोन-तीन कामगारांपुढे ठेवून ते कुठे अडखळतात हे बघायला अर्धा तास पुरला असता. तीच चूक व्हॉइसओव्हर झाल्यावर सापडली, तर रेकॉर्डिंग पुन्हा आणि ॲनिमेशनचं टायमिंगही पुन्हा.

रविवारी स्कॉर्म (मॉड्यूल आणि ते चालवणारी ऑनलाइन ट्रेनिंग यंत्रणा यांची जुळणी करणारं मानक) फारच उरकून घेतात. स्कॉर्म 1.2 मध्ये शिकणारा कुठवर आला याची नोंद 4096 अक्षरांत बसवावी लागते. मॉड्यूल लांबलं, क्विझ वाढल्या की ती जागा भरते आणि पुन्हा लॉगिन केल्यावर माणसापुढे भलतीच स्लाइड उघडते. सरावाचं मॉड्यूल दहाच स्लाइडचं, त्यामुळे हा घोळ वर्गात दिसतच नाही. मॉड्यूलचे तुकडे करणं हा साधा उपाय.

जाताना हातात असलेला स्टोरीबोर्ड छापून न्या; शनिवारी दुपारी त्यातली उद्दिष्टं ओळ न् ओळ तपासून देतात.