क्रोमोली पाईपचं वेल्डिंग: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टिग शॉपचा अनुभव

भाच्याचा मेकॅनिकलचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, छोट्या विमानाचं इंजिन माउंट, ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील) पाईपचं, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर.

आधी दुसरीकडे दिलं होतं, नाव घेत नाही. मिगने (यात वेल्डिंगची तार मशीनच पुढं सारत राहतं) धडाधड उरकलं, दिसायला एकदम भारी, पण घाई होती म्हणून गरम जॉइंटवर पाणी मारलं राव. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर वेल्डला लागूनच केसासारखी चीर. पोराचं तोंड बघवेना. हे स्टील एमएससारखं (साध्या माइल्ड स्टीलसारखं) नाही, एकदम गार केलं की वेल्डच्या कडेचा पट्टा कडक अन् ठिसूळ होतो आणि त्यात ओलाव्यातला हायड्रोजन शिरला तर चीर २४-४८ तासांनीसुद्धा येते.

मग या टिग शॉपमध्ये गेलो. टिग म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्क पेटवून, आर्गॉन वायूच्या आडोशात हाताने करायचं वेल्डिंग. वेल्डर काकांनी पाईप एमरीने चकाकेपर्यंत घासला, ॲसिटोनने पुसला, टंगस्टनला टोक काढलं आणि बाहेर ४२ डिग्री असताना आधी कूलर बंद केला! "वारं लागलं की आर्गॉन उडून जातंय बगा, अन् कूलरची हवा वली असतीय." पाईपच्या आतनं पण आर्गॉन सोडला. नंतर जॉइंट तसाच सावकाश गार होऊ दिला, फुंकर पण नाही. दोन दिवसांनी चीर शोधायला लाल डाय लावून वरनं पांढरा डेव्हलपर मारला, कुठंच लाल रेघ नाही.

मिग वाईट नाही हां, जाड माल आणि लांब शिवण असेल तर वेग त्याचाच, पण पातळ पाईपच्या कोपऱ्यात उष्णतेवर हात टिगनेच बसतो. इलेक्ट्रॉनच्या झोताने करतात त्या इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगमध्ये तापलेला पट्टा सगळ्यात अरुंद, पण त्याला व्हॅक्युम चेंबर लागतो, ते आपल्या बजेटमधलं नाही. विमानाच्या लँडिंग गिअरच्या ४३४० स्टीलचा जाड तुकडा असेल तर आधी ३०० डिग्रीच्या आसपास तापवून घ्यावाच लागतो असं काका म्हणाले. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं केसिंग मॅरेजिंग स्टीलचं (निकेलवालं अतिमजबूत स्टील) असतं, आणि रॉकेट मोटरची अशी केसिंगं आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात हे ऐकून भाचा तर हरखूनच गेला.

भाव मिगपेक्षा जास्त आहे आणि हात एकाच माणसाचा, त्यामुळं आठवडा धरूनच चला. पाईपचं मटेरियल सर्टिफिकेट सोबत न्या, त्याशिवाय काका टॉर्च हातात घेत नाहीत.