क्वाड्राजेट कार्बोरेटरची गळती आणि दुरुस्ती किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ओहायोत माझ्याकडे १९७९ सालचा शेव्हर्ले सी-१० पिकअप ट्रक आहे. त्याला ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन असून त्यावर रॉचेस्टर कंपनीचा चार नळ्यांचा क्वाड्राजेट कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवलेला आहे. गेल्या ऑक्टोबरात बॉनेट उघडले की पेट्रोलचा वास येऊ लागला, इनटेक मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरखालच्या, हे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या भागावर) ओलसर डाग दिसू लागला, आणि रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवल्याखेरीज सुरू होईना. म्हणून सुमारे ४० डॉलरचे दुरुस्ती किट मागवले. त्यात गॅस्केट, नीडल आणि सीट (पेट्रोल आत सोडणारी झडप), फ्लोट (ती झडप बंद करणारा तरंगता भाग), अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा (पॅडल दाबल्यावर जादा पेट्रोल देणाऱ्या पंपाचा) रबरी कप आणि तळाच्या प्लगखाली ठेवायची फोमची चकती एवढे सामान होते. किटचा दर्जा एकंदरीत बरा निघाला. मात्र नुसते किट बसवून माझी गळती थांबली नाही, आणि त्याचे कारण समजायला मला दोन महिने लागले.

बाहेर दिसणारी गळती सोपी होती. पेट्रोलची लोखंडी नळी कार्बोरेटरला जिथे मिळते तिथे एक मोठा नट असतो, त्याच्या आत स्प्रिंग व फिल्टर बसतात, आणि त्या नटाखालचे गॅस्केट कडक झाले की तिथून पेट्रोल पाझरते. या ठिकाणी दोन पाने लागतात: मोठा नट एक इंची पान्याने धरून ठेवायचा आणि नळीचा नट पाच-अष्टमांश इंची पान्याने फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नळी पिळवटते, आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बोरेटरच्या मऊ ओतीव धातूतले आटे जातात. माझे आटे शाबूत होते, त्यामुळे नवे गॅस्केट घालून बेताने आवळताच बाहेरचा डाग त्याच दिवशी बंद झाला.

सकाळचा त्रास मात्र तसाच राहिला. बाहेर कुठेही थेंब नाही, तरी रात्रीत फ्लोट बोल (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा होत होता आणि इंजिन सुरू होताना काळा धूर येत होता. क्वाड्राजेटच्या मधल्या भागाच्या तळाशी, इंधनाच्या विहिरींच्या तोंडावर, कारखान्यात ठोकून बसवलेले धातूचे प्लग असतात. जुन्या कार्बोरेटरमध्ये ते झिरपू लागतात, आणि ते पेट्रोल बाहेर न पडता सरळ मॅनिफोल्डमध्ये उतरते, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. डिसेंबरात मी कार्बोरेटर पुन्हा उतरवला, खालची थ्रॉटल प्लेट वेगळी केली, मधला भाग कोऱ्या कागदावर दोन ठोकळ्यांवर ठेवला आणि बोलमध्ये पेट्रोल भरले. वीस मिनिटांत कागदावर दोन ओले ठिपके उमटले, तेही बरोबर पुढच्या दोन प्लगांखाली. (हे काम उघड्यावर, ज्योत व ठिणगीपासून दूर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे.)

किटमधली फोमची चकती या प्लगांना खालून दाबून धरण्यासाठी असते. ऑक्टोबरात मी तिच्यावरच भरवसा ठेवला होता, ती माझी चूक होती. दुसऱ्या खेपेला प्लगांभोवतीचा धातू ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुतला, सँडपेपरने खरवडला, पेट्रोलला टिकणारे दोन भागांचे एपॉक्सी पातळ थरात लावले आणि ते २४ तास वाळू दिले. थर उंच राहिला तर थ्रॉटल प्लेट नीट टेकत नाही, म्हणून तो घासून सपाट केला. नंतर तीच कागदाची चाचणी रात्रभर घेतली आणि सकाळी कागद कोरडा मिळाला. त्या कोरड्या कागदाने मला जेवढे समाधान दिले तेवढे कुठल्याही नव्या सुट्या भागाने दिलेले नाही.

फ्लोटविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मूळचा फ्लोट काळ्या फेसाळ पदार्थाचा असतो आणि तो वर्षानुवर्षे पेट्रोल शोषून जड होतो. जड फ्लोट नीडल पुरेशी दाबत नाही, बोल तुडुंब भरतो आणि पेट्रोल वरून सांडते. माझा जुना फ्लोट स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्यापेक्षा स्पष्ट जड भरला. तो बदलताना नीडलची छोटी तारेची क्लिप फ्लोटच्या दांड्याच्या कडेवर अडकवायची असते. दांड्याला असलेल्या भोकांत ती घातली तर नीडल तिरकी अडकते आणि नवे सामान असूनही कार्बोरेटर ओसंडतो. किटसोबतच्या कागदावर हे कुठेच लिहिलेले नव्हते, आणि ही त्या किटची मोठी उणीव मला वाटते.

दुसरी तक्रार पंपाच्या कपाविषयी आहे. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते, आणि तीन महिन्यांत तो कप फुगून पंप अडकू लागला. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा कप वेगळा घेतला, तेव्हापासून पंप नीट चालतो. त्याच वेळी टाकी ते इंधनपंप या मार्गावरच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण जुन्या नळीवर वाकवताच भेगा दिसल्या.

आता जून आहे. हिवाळ्यात ट्रक पाच-सहा दिवस उभा राहिला तरी थोड्या प्रयत्नात सुरू होत असे. उन्हाळ्यात मात्र गरम इंजिन बंद केल्यावर बोलमधले पेट्रोल काही प्रमाणात उकळून उडते, आणि नंतर स्टार्टर जास्त फिरवावा लागतो. ही गळती नव्हे, हे मी एअर क्लीनर काढून, कार्बोरेटरच्या नळ्यांत टॉर्च मारून दोनदा तपासले आहे: पेट्रोल ठिबकत नाही, फक्त वाफ दिसते. कार्बोरेटरचे पुढचे दोन लांब बोल्ट वरच्या झाकणातून आरपार जात असल्यामुळे ते जास्त आवळले तर झाकण वाकते, म्हणून ते मी दर दोन महिन्यांनी फक्त हलके तपासतो. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या दांड्याभोवती एक तपकिरी डाग उरला आहे. तो पुसून तारीख लिहून ठेवली आहे, आणि अजून तरी तो परत आलेला नाही.