सीव्हीचा फुकट फीडबॅक घ्यायला गेले आणि ८,७५८ रुपये घालवून बसले

तीन वेळा मिळून ८,७५८ रुपये गेले. कुणाला वाटेल एवढेच ना, पण तेव्हा मला पगार नव्हता, बाजूला टाकलेल्या पैशातले होते ते. आणि पैशापेक्षा मोठं जे झालं ते पुढे सांगते. नोकरी शोधताय, त्यातून मध्ये गॅप पडलाय, तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, लांब आहे पण वाचा.

मी प्रॉडक्शन इंजिनिअर. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका ऑटो पार्टच्या कंपनीत सात वर्षं क्वालिटीला होते, २०१४ ते २०२१. मग मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण निघालं, नोकरी सोडली. २०२५ च्या जानेवारीत मुलगी शाळेत जायला लागेल हे पक्कं झाल्यावर परत शोधायला लागले आणि दीड महिन्यात जवळपास साठ ठिकाणी अप्लाय केलं तरी एक फोन नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना कळेल, रोज सकाळी उठून मेल उघडायचा आणि काहीच नसायचं, मग हळूहळू वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. मी नेमकी अशा दिवसांत होते.

लिंक्डइनवर एक पोस्ट दिसली, पहिल्या पन्नास जणांचा सीव्ही फुकट तपासून देणार, फक्त खाली इंटरेस्टेड लिहा. लिहिलं. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, सीव्ही पाठवला, आणि वीस मिनिटांत एक रंगीत रिपोर्ट आला. वर मोठ्या लाल गोलात आकडा, एटीएस (कंपन्या आलेले अर्ज ज्यात ठेवतात ते सॉफ्टवेअर) स्कोअर १०० पैकी ३८. खाली पाच मुद्दे, कीवर्ड कमी, फॉरमॅट जुना, इम्पॅक्ट दिसत नाही, समरी कमकुवत, करिअर गॅपचं स्पष्टीकरण नाही. त्याखाली लिहिलेलं की ७५ टक्के सीव्ही माणसाच्या नजरेला पडायच्या आधीच मशीन बाद करतं.

तो ३८ बघून माझ्या पोटात गोळा आला. खरं सांगते, दहावीपासून मी कधी नापास झाले नव्हते.

डिटेल रिपोर्ट पाहिजे तर ४९९. भरले. त्या डिटेल रिपोर्टमध्ये तेच पाच मुद्दे, फक्त लांबवून. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन, हिंदीत, अगदी गोड बोलणं, 'मॅडम आपका प्रोफाइल बहुत स्ट्राँग है, बस प्रेझेंटेशन की वजह से रुका हुआ है.' नवीन सीव्ही लिहून देणार, एरवी ४,९९९, पण आज रात्री बारापर्यंत १,९९९ अधिक जीएसटी, म्हणजे २,३५९. तेही भरले. चार दिवसांनी सीव्ही आला, दिसायला झकपक, दोन कॉलम, फोटो, निळ्या पट्ट्या, स्किलच्या पुढे गोल गोल ठिपके आणि कम्युनिकेशन ९० टक्के, लीडरशिप ८५ टक्के असलं काहीतरी. आता विचार करते की माझं कम्युनिकेशन ९० टक्के आहे हे मोजलं कुणी? पण तेव्हा वाटलं प्रोफेशनल लोक आहेत, त्यांना माहीत असणार.

आठवड्याने परत फोन. सीव्ही झालाय पण गॅपमुळे अडकतंय, गॅप मॅनेजमेंट आणि प्रोफाइल बूस्टिंग असं एक पॅकेज आहे, ५,००० अधिक जीएसटी, ५,९००. मला वाटलं गॅप मॅनेजमेंट म्हणजे गॅप नीट शब्दांत कसा मांडायचा ते लिहून देतील. त्यासाठी त्यांनी आधार, पॅन, दहावी बारावी आणि डिग्रीच्या मार्कशीट, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप मागितल्या आणि नोकरी डॉट कॉमचा लॉगिन मागितला. प्रोफाइल आम्हीच अपडेट करतो म्हणाले. पासवर्ड दिला. ओटीपी आला तोही फोनवर सांगितला. नवऱ्याला विचारलं असतं तर त्याने अडवलं असतं म्हणून मी त्याला विचारलंच नाही, हे लिहितानाही जीवावर येतंय पण लिहिते, कारण अशा वेळी माणूस कुणाला सांगत नाही आणि त्यांचं काम तिथेच होतं.

मग पाच-सहा दिवसांत खरंच फोन आला. चाकणच्या एका कंपनीतून, क्वालिटीचे मॅनेजर स्वतः बोलत होते, मराठी माणूस, वयाने मोठे वाटले. मला इतका आनंद झाला की मी किचनमधून गॅस बंद करून गॅलरीत जाऊन बसले. पाच मिनिटं नीट चाललं. मग त्यांनी विचारलं, 'मॅडम, तुमचा सिक्स सिग्मा ग्रीन बेल्टचा प्रोजेक्ट कशावर होता?' मी गप्प. ग्रीन बेल्ट म्हणजे क्वालिटी सुधारण्याचा एक सर्टिफिकेट कोर्स, तो मी केलेलाच नाही. मग म्हणाले, २०२१ ते २०२४ तुम्ही गुरुग्रामच्या कन्सल्टन्सीत होतात ना, तिथे कुठले क्लायंट होते.

माझ्या सीव्हीवर हे आहे हे मला तेव्हा कळलं. पोर्टलवर त्यांनी चढवलेला सीव्ही मला दाखवलेल्या सीव्हीपेक्षा वेगळा होता.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही, आवाज कापत होता, पण खोटं नाही बोलले. सर, हे मी लिहिलेलं नाही, मी पैसे देऊन करून घेतलंय आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, असं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बरं, मग तुम्ही स्वतः काय काम केलंय ते सांगा. मी सांगितलं, प्रेस पार्टच्या लाइनला होते, कस्टमरकडून होल शिफ्टच्या, म्हणजे भोक जागेवर नसल्याच्या कम्प्लेंट यायच्या, टूलचा लोकेटिंग पिन झिजायचा आणि तो बदलायचा ठराविक काळ ठरलेला नव्हता, आम्ही स्ट्रोक मोजून पिन बदलायचं ठरवलं, कंट्रोल प्लॅनमध्ये घातलं, आणि आठ महिन्यांत त्या पार्टचं कस्टमर रिजेक्शन १,२०० पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख पार्टमागे १,२०० खराब) ३०० च्या खाली आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सीव्हीत कुठे आहे? कुठेच नव्हतं. माझ्या जुन्या सीव्हीत फक्त 'कस्टमर कम्प्लेंट हाताळल्या' एवढी एक ओळ होती आणि त्या झकपकवाल्यात तीही गेली होती.

त्यांनी त्या फोनवर जे सांगितलं तो खरा फीडबॅक, फुकट मिळालेला. म्हणाले, काय पार्ट, काय प्रोसेस, किती वाईट होतं, तुम्ही काय केलं, किती सुधारलं, हे लिहा. पीपॅप (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घेण्याची प्रोसेस) केलाय तर किती पार्टचा, एट डी (आठ पायऱ्यांत दोषाचं कारण शोधायची पद्धत) केलाय तर कुठल्या डिफेक्टवर, आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डच्या ऑडिटला सामोऱ्या गेलात की नुसत्या हजर होतात, ते लिहा. आणि गॅप एका ओळीत सरळ लिहून टाका, मुलीसाठी ब्रेक घेतला, लपवू नका. ती जागा मला मिळाली नाही, साहजिक आहे. पण त्या माणसाने पंधरा मिनिटं दिली हे मी विसरणार नाही.

फोन ठेवल्यावर त्या बाईंना लावला. त्यांना काही वाटलंच नाही. उलट एक पीडीएफ पाठवली, गुरुग्रामच्या त्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर, लेटरहेड, शिक्का, सही, माझं नाव. 'सब करते हैं मॅडम.' आणि म्हणे व्हेरिफिकेशनचा फोन आला तर आमची टीम उचलेल, त्याचे ११,८०० लागतील, जॉइन झाल्यावर परत मिळतील. तिथे मी थांबले.

आता हे नीट समजून घ्या, कारण मलाही नंतर कळलं. हल्ली बऱ्याच कंपन्या जॉइनिंगआधी पीएफचा यूएएन, म्हणजे आपला कायमचा पीएफ नंबर, मागतात आणि त्याची सर्व्हिस हिस्ट्री बघतात, पीएफ भरणाऱ्या कुठल्या कंपनीत कधी लागलात कधी सोडलं ते सगळं तारखेसकट त्यात दिसतं. माझ्या हिस्ट्रीत २०२१ नंतर काहीच नाही. म्हणजे ते लेटर मी वापरलं असतं तर पकडले गेले असते, कदाचित जॉइन झाल्यावर पकडले गेले असते आणि तेव्हा नोकरीही गेली असती आणि नावही. आणि खोटं लेटर वापरणं हा गुन्हा आहे, तो माझ्या नावावरही लागला असता.

मग मी पुण्यातल्या मामेभावाला फोन केला, तो आयटीत आहे, लहान आहे माझ्यापेक्षा. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, 'ताई, हा ३८ आला कुठून?' त्याने समजावलं की एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवायचं आणि त्यात शोधायचं सॉफ्टवेअर, प्रत्येक कंपनीचं वेगळं, सगळीकडे चालेल असा एक स्कोअर मुळात नसतोच. आणि त्या ७५ टक्क्यांच्या मागे धड सर्वे कुणी दाखवू शकत नाही, नुसतं एकाचं बघून दुसरा छापतो. मग त्याने स्वतःचा सीव्ही, ज्यावर त्याला तीनच महिन्यांपूर्वी नोकरी लागली होती तो, दुसऱ्या नंबरवरून त्याच लोकांना पाठवला. वीस मिनिटांत रिपोर्ट. ३८. तेच पाच मुद्दे, त्याच क्रमाने. त्याच्या सीव्हीत एक दिवसाचा गॅप नाही तरी करिअर गॅपचं स्पष्टीकरण नाही म्हणे!

म्हणजे कुणी काही वाचलंच नव्हतं. मी त्या आकड्यासाठी दोन रात्री रडले होते.

नवीन सीव्हीचीही त्याने एक चाचणी करून दाखवली, ती तुम्हीही करा, फुकट आहे. पीडीएफ उघडायची, सगळं सिलेक्ट करून कॉपी करायचं आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. माझ्या दोन कॉलमवाल्या सीव्हीत डावीकडचे स्किल आणि उजवीकडचा अनुभव एकमेकांत घुसले होते, कंपनीच्या नावाच्या मध्येच एक्सेल, ठिपके तर गायबच. सॉफ्टवेअरला असंच काहीसं दिसण्याची शक्यता असते. म्हणजे एटीएससाठी म्हणून पैसे घेऊन त्यांनी माझ्या साध्या सीव्हीपेक्षा वाईट करून दिलं होतं. एक कॉलम, साधी हेडिंग, फोटो नाही, तक्ते नाहीत, एवढं पुरतं.

मग त्यांचं बिल नीट बघितलं, जे आधी बघायला हवं होतं. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबरची सुरुवात ०९ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या साइटवर टाकून बघितला तर तो भलत्याच कुणाच्या तरी नावावर आणि रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम होतं. पैसे तिन्ही वेळा यूपीआयने गेले होते, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाच्या नावावर, कंपनीच्या खात्यात एकदाही नाही, आणि पे करताना स्क्रीनवर ते नाव मला दिसलं होतं.

त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं. चिडला, पण पैशावरून नाही, आधार-पॅन दिलं म्हणून. मग दोघांनी बसून एकेक केलं. नोकरी डॉट कॉमचा पासवर्ड बदलला, तो सीव्ही काढला, तर कळलं की प्रोफाइलमधला ईमेलही बदललेला होता, म्हणजे कुणाकुणाचे मेल त्यांच्याकडे गेले असतील देव जाणे. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. संचार साथी या सरकारी साइटवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं, माझंच एक होतं, जीवात जीव आला. सिबिलचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढला आणि आता अधूनमधून बघत राहणार आहे कारण कागद त्यांच्याकडे आहेत ते आहेतच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. फोनवरच्या मॅडम चांगल्या बोलल्या पण म्हणाल्या उशीर झालाय, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, माझे शेवटचे ५,९०० जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. तरी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, प्रत्येक पेमेंटचा १२ आकडी यूपीआय नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, ते खोटं लेटर, सगळं जोडलं. बँकेलाही लेखी कळवलं. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी ब्लॉक करायच्या आधी सगळं सेव्ह करा, मी चॅट डिलीट करण्यात थोडी घाई केली आणि सुरुवातीचे दोन व्हॉइस मेसेज गेले. पैसे अजून आलेले नाहीत.

पैसे घेऊन सीव्ही लिहून देणारे सगळेच चोर असतात असं मी म्हणत नाही. पण जो तुमच्या कामाबद्दल एकही प्रश्न न विचारता फीडबॅक देतो त्याला एक रुपया देऊ नका. मला तीन आठवड्यांत त्या लोकांनी एकदाही विचारलं नाही की तुम्ही कंपनीत नेमकं काय करत होता. तपासून घ्यायचाच तर आपल्याच लाइनमधल्या एखाद्या जुन्या साहेबांना, सिनिअरला पाठवा, लाज वाटू देऊ नका. मी शेवटी माझ्या जुन्या एचओडींना पाठवला, चार वर्षं फोन केला नव्हता, त्यांनी अर्ध्या तासात लाल खुणा करून परत पाठवला आणि वर लिहिलं, 'पिनचं ते काम पहिल्या पानावर घे.'

परवा कॉलेजच्या मैत्रिणीने मला एक रिपोर्ट फॉरवर्ड केला, बघ गं, माझा सीव्ही किती वाईट आहे. लाल गोल, ३८. तिने अजून ४९९ भरले नव्हते.