ढोल-ताशाच्या सरावात फिल्टरवाले इअरप्लग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

तीन पाकळ्यांचे सिलिकॉनचे इअरप्लग, मध्ये छोटा फिल्टर, डब्यावर लिहिलेली आवाजातली घट २० डेसिबल. पथकाचा दोन महिन्यांचा सराव, विसर्जन मिरवणूक आणि नंतरचे हिवाळ्यातले कार्यक्रम एवढा वापर झाला.

आधी आवाजाचं. साध्या फोमच्या बोळ्यांनी आवाज जास्त कमी होतो, पण वरच्या पट्टीचा जरा जास्तच दबतो. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची सलग तडतड, गढूळ होते, हात (वाजवायचा ताल) बदलल्याचा इशारा चुकतो, मग वादक बोळा सैल करतो आणि संरक्षण तिथंच संपतं. फिल्टरवाल्यात खालचे-वरचे सूर बऱ्यापैकी सारखेच उतरतात. ढोलाचा टोल, तर्री, झांज वेगवेगळं ऐकू येतं, फक्त लांबून आल्यासारखं. कापसाने मात्र जवळपास काहीच अडत नाही, तो विसराच.

खरी मेख बसवण्यात आहे. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग किंचित ओला करून हळू फिरवत आत सरकवायचा. मग दोन्ही तळहात कानांवर दाबून बघा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. फट राहिली की आधी ढोलाचा खर्जच आत येतो. दोन कानांना दोन मापं लागू शकतात, त्यामुळे डब्यातली लहान पाकळीही वापरून पाहा. घामाने प्लग सरकतो, अर्ध्या तासाने चाचपावा. सोबतची दोरी कुर्त्याला घासली की खरखर थेट कानात येते. वाजवताना ती काढलेली बरी.

२० चा आकडा नीट बसवलेल्या प्लगचा असतो, धावपळीत १०-१२ च धरा. तेवढ्यानेही केवढा फरक पडतो! नायॉश या अमेरिकी संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. १२ डेसिबल कमी झाले, तर तीच १५ मिनिटं ४ तास होतात. म्हणूनच गप्पा मारायला मध्येच प्लग काढणं महागात पडतं. बोलायचं तर आधी वादकांपासून लांब जा.

त्रास दोन. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. प्लग थोडा आणखी आत गेला की घुमणं कमी होतं, पण घोषणा देणाऱ्याला सवय व्हायला आठवडा लागतो. दुसरा त्रास मळाचा. फिल्टरचं भोक बुजलं की एका कानाला मंद ऐकू येतं आणि प्लग बिघडला असं वाटतं. फिल्टर काढून ठेवा, पाकळ्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळल्यावरच डबीत घाला. स्पिरिट लावू नका. सहाव्या महिन्यापासून पाकळ्या कडक झाल्या, आता बदलायला आल्यात.

ताशेवाल्यांनी आणि त्यांच्या लगत उभ्या ढोलवाल्यांनी आधी घ्यावेत. प्लग लावूनही सरावानंतर कानात शिटी वाजत राहिली, तर बसवण्यात चूक आहे किंवा जागा फार जवळची आहे. दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही, तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.